खालचा थर

सिल्लोडजवळच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, उन्हं उतरायला लागली असताना, खोक्यांचा खालचा थर मी बदलला नाही. हे वाक्य मी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. बायकोला माहीत नाही, भावाला माहीत नाही. ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्याला तर नाहीच. पण नुसत्या या वाक्यातून कुणाला काही कळायचं नाही, म्हणून खोकी म्हणजे काय, तिथून सांगतो.

मी बरीच वर्षं सिनेमात फायटर होतो. फायटर म्हणजे हिरोच्या हातचा मार खाणारा, काचेतून बाहेर पडणारा, जिन्यावरून गडगडत येणारा माणूस. हिरोच्या अंगलटीचा असला तर त्याचा डुप्लिकेट. उंचावरून पडायचं असेल तेव्हा खाली पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचतात. थरावर थर, वर गाद्या, गाद्यांवर ताडपत्री. आता मोठ्या युनिटकडं हवेच्या गाद्या असतात, लहान युनिटमध्ये अजून खोकीच चालतात. माणूस पडला की वरचं खोकं चेपतं, मग त्याच्या खालचं, मग त्याच्याही खालचं, आणि असं चेपत चेपत ती त्याचा सगळा वेग पिऊन टाकतात. त्यासाठी खोकं कोरं लागतं, कोपरे ताठ लागतात. एकदा चेपलेलं खोकं हातानं सरळ करता येतं. दिसायला ते पुन्हा उभं राहतं. पण त्यात दम उरलेला नसतो. नवीन पोरगा आला की आमच्याकडं त्याला आधी हे शिकवतात, मारामारी नंतर.

आम्ही दोघं पाचोडचे. तो आणि मी. त्याला इथं दोस्त म्हणतो, कारण नाव लिहायचं धाडस नाही. मोसंबीच्या बागांमधल्या विहिरींवर आमचं लहानपण गेलं. उन्हाळ्यात शाळा सुटली की विहीर. त्या विहिरींचा एक कायदा होता. काठावर उभ्या असलेल्यानं खाली वाकून बघायचं नाही, बघितलं की पाय दगडाला चिकटतात. पाण्यात जो असेल त्यानं कडेला सरकायचं, जागा मोकळी करायची आणि ‘ये’ म्हणायचं. वरच्यानं त्या आवाजावर अंग सोडून द्यायचं. एकदा एकानं चेष्टा म्हणून मधोमध पोहत असतानाच ‘ये’ म्हटलं. वरच्याचा गुडघा त्याच्या कानापाशी लागला. दोघंही वाचले, पण माझ्या चुलत्यानं त्या चेष्टा करणाऱ्याला मोटेच्या ओल्या सोलानं झोडपला. उडी मारणाऱ्याला तो काही बोलला नाही.

मी बरा होतो, पण दोस्त भारी होता. हवेत असा वळायचा की मांजरानं बघत राहावं. दोन्ही खांदे एका रेषेत ठेवून पाठीवर उतरायचा. पाण्यात पाठीवर उतरणं म्हणजे चामडी लाल. तो मुद्दाम उतरायचा. कशाला रे, म्हटलं तर म्हणायचा, सरळ उडी तर बेडूक पण मारतो.

मुंबईला आधी मी गेलो. तिथं एका फाइट मास्तरच्या हाताखाली लागलो, आणि तग धरल्यावर त्याला बोलावून घेतला. मीच बोलावला. त्याच्या घरचे नाही म्हणत होते, तर मी पाचोडला येऊन त्याच्या वडिलांच्या पुढ्यात बसलो आणि म्हणालो की काका, मी आहे ना खाली.

हे वाक्य मी त्या वेळी सहज बोललो होतो. कामाची वाटणीच तशी झाली होती. बाकीच्या जोड्यांमध्ये खालचा माणूस हात वर करायचा, मग वरचा उडी घ्यायचा. आमच्यात हात नव्हता. आम्ही पाचोडच्या विहिरीचा कायदा घेऊन गेलो होतो. खोकी मी रचायचो, ताडपत्री मी ताणायचो, आणि ‘ये’ म्हणायचो. तो खाली बघायचा नाही. मास्तर हसायचे, ये लोग कुएँ के मेंढक हैं, म्हणायचे. पण आमच्या जोडीचे टेक वाया जात नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

त्या दिवसांत मजा नव्हती म्हणालो तर ते खोटं होईल. आमचं तोंड कधी पडद्यावर यायचं नाही, आणि गावाला ते पटायचं नाही. सिनेमा लागला की घरातले टीव्हीपुढं बसायचे आणि कुठंय, कुठंय करत शेवटपर्यंत शोधायचे. फक्त त्याची बायको ओळखायची. तो पळताना डावा हात जरा जास्त हलतो, त्यावरून. एकदा त्यानं हिरॉइनचा डुप्लिकेट केला. साडी, टोप, बांगड्या घालून छपरावरून छपरावर. ही बातमी पाचोडला कशी पोचली देव जाणे. त्यानंतर पोळ्याला तो गावी गेला तर पारावर एकजण उठून उभा राहिला आणि अगदी अदबीनं म्हणाला, “या वहिनी, बसा. स्वयंपाक झाला का?” दोस्तानं खाली मान घालून डोक्यावर पदर घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, “झाला की भावजी. तुमचीच वाट बघायले.” अख्खा पार हसून हसून आडवा झाला.

मग आमच्याच भागात शूटिंग आलं. सिल्लोडजवळ कापसाची एक जुनी जिनिंग होती, मशिनरी गंजलेली, शेडला उंच पत्रे आणि एका बाजूला विटांचा मनोरा. हिरो मनोऱ्यावरून मागच्या मागं पडतो, असा शॉट. दोस्त हिरोचा डुप्लिकेट. घराजवळ काम आलं म्हणून त्याची बायको आणि मेव्हणा पाचोडहून जीप करून बघायला आले होते. तिनं त्याचं काम डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. कंपाउंडच्या भिंतीपाशी, सावलीत, एका उलट्या डब्यावर ती बसली होती.

त्या दिवशी मास्तर मला म्हणाले होते, आज सेटिंग तू बघ. इतकी वर्षं मी खोकी रचत होतो, पण शेवटचा शब्द त्यांचा असायचा. त्या दिवशी पहिल्यांदा माझा. मी मनातल्या मनात त्यांचा असिस्टंट होऊन बसलो होतो. मुंबईत खोकी पुरवणारे ठरलेले असतात. इथं ती आम्ही आदल्या दिवशी जिल्ह्याच्या शहरात फिरून, गुलमंडीतल्या आणि मोंढ्यातल्या दुकानांमधून गोळा केली. बिस्किटांची, साबणाची, कूलरची. जाड-पातळ सगळी मिसळ. अर्धी पहिल्या टेम्पोत आली, अर्धी मागून येणार होती.

दुपारी पहिला टेक झाला. दोस्त सुरेख पडला, उठला, बायकोकडं बघून हात हलवला. पण कॅमेऱ्यात काहीतरी गडबड झाली होती, शॉट परत घ्यायचा ठरला. त्या टेकमध्ये खोकी तळापर्यंत चेपली होती. दुसरा टेम्पो रस्त्याच्या कामामुळं फुलंब्रीच्या पुढं अडकलेला. ड्रायव्हर फोनवर सारखा म्हणत होता, निघालोच भाऊ, निघालोच. मी वाट बघितली. ऊन पत्र्यांवरून घसरायला लागलं. मास्तर कॅमेऱ्यापासून ओरडले, लाइट जा रही है, कितना टाइम?

तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं की खोकी कमी आहेत, शॉट उद्या घेऊ. मास्तर चिडले असते. चार शिव्या दिल्या असत्या. दुसऱ्या दिवशी सेटिंग माझ्याकडं राहिलं नसतं. याच्या पलीकडं काही झालं नसतं. मी यावर इतका विचार केला आहे की याच्या पलीकडं काही झालं नसतं, हे मी शपथेवर सांगू शकतो.

होती तेवढी चांगली खोकी मी वरच्या थरांना घेतली. खालच्या थराला दुपारचीच, हातानं सरळ केलेली. चेपलेली बाजू खाली केली, म्हणजे दिसू नये. कुणाला दिसू नये? मलाच, असं आता वाटतं. बाकी कुणी बघतच नव्हतं. तळापर्यंत काही जायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारी ती तळापर्यंत गेली होती, हे मी माझ्या हातांनी उपसून बघितलं होतं, तरी सांगितलं. वर गाद्या टाकल्या, ताडपत्री ताणली. वरवर बघितलं तर पहिल्या टेकसारखंच दिसत होतं.

मनोऱ्यावरून त्यानं विचारलं, “भरलं का रे?”

मी म्हणालो, “ये.”

उडी जशी हवी तशी झाली. मागं झुकला, सुटला, हवेत वळला, खांदे एका रेषेत. गादीचा आवाज नेहमी भप्प येतो. त्या दिवशी त्याच्या पाठोपाठ आणखी एक आवाज आला. तो फरशीचा होता. लोक टाळ्या वाजवत होते, मी धावलो. तो ताडपत्रीवर उताणा, डोळे उघडे. मला बघून हळूच म्हणाला, “उठव की लेका. सगळे बघायलेत.”

मी त्याच्या काखेत हात घातला. कमरेखालचं अंग माझ्या हाताला आलंच नाही.

शहरातल्या दवाखान्यात आणेपर्यंत अंधार पडला. आम्ही तिकडं असताना जिनिंगमधलं सामान आवरलं गेलं. आजूबाजूच्या लोकांनी पुठ्ठा जळणाला नेला असावा. दुसऱ्या दिवशी मास्तर दवाखान्यात आले, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले की बेटा, शोल्डर गिर गया तेरा. खांदा पडला म्हणजे वळताना एक बाजू खाली गेली, भार एकीकडं आला. त्यांना खरंच तसं वाटलं असेल, किंवा त्यांनाही तसंच वाटायला हवं असेल. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी खोकी बघितली नव्हती.

मास्तर गेल्यावर दोस्तानं मान माझ्याकडं वळवली. “व्हय का रे? खांदा पडला माझा?”

खोक्यांचं मी एक वेळ मान्य करीन, स्वतःला समजावीन. घाई झाली, लोभ झाला, चूक झाली. पण आता इथं कसलीही घाई नव्हती. लाइट जात नव्हती. तो विचारत होता आणि मी स्टुलावर बसलो होतो.

मी म्हणालो, “जरासा.”

त्यानंतर मी उड्या सोडल्या. कुणाची खोकी रचली नाहीत. वर्षभर नुसता मार खाण्याची कामं केली, मग मुंबई सोडून इकडच्या शहरात आलो. आता सिडकोत एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. लोक म्हणतात सर लई घाबरट आहेत, आधीच ब्रेक दाबतात. दाबतो.

दोस्त हर्सूलला राहतो, जटवाड्याच्या रस्त्याला लागून. खालच्या मजल्याची खोली, दाराला उतार करून घेतलाय. चाकाच्या खुर्चीत बसून मिक्सर, टेबल फॅन, इस्त्र्या दुरुस्त करतो. हात पहिल्यापासून चांगला. वहिनी डबे करतात. मी रविवारी जातो. वहिनी चहा ठेवतात, तो मला कामाला लावतो, हा स्क्रू धर, ती वायर ओढ. मी त्याला गाडी शिकणाऱ्यांच्या गमती सांगतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय दोस्ती आहे. शेजारी मला तसं म्हणतातही. अहो, आजकाल सख्खे भाऊ येत नाहीत.

मागच्या काही वर्षांत एक नवीन झालंय. तो सिनेमा कुणीतरी मोबाईलवर टाकला. तो शॉट त्यात ठेवलेला आहे. तो चांगलाच निघाला होता, टाकून कशाला देतील. मनोऱ्यावरून दोस्त सुटतो, वळतो, आणि जमिनीच्या वर असतानाच चित्र बदलतं. पुढं हिरो स्वतः मातीतून उठताना दिसतो. खोकी, गादी, मी, काहीच त्यात नाही. दोस्त ते रोज बघतो. बोटानं थांबवतो, जरा मागं नेतो, पुन्हा थांबवतो. मी गेलो की खुर्ची माझ्याजवळ सरकवतो आणि स्क्रीन माझ्या नाकापुढं धरतो.

“हे बघ. इथं. पडायला ना खांदा?”

मी चष्मा वर करून बघतो. खांदा पडत नाही. मी असंख्य उड्या बघितल्यात, याच्याइतकी सरळ उडी मी दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही. मी म्हणतो, एवढ्याशा चित्रात काय कळतंय. तो म्हणतो, तुला कळत नसंल, मला कळतंय. मग पंख्याचं पातं मांडीवर घेतो आणि ते वळवून, आपण कसं वळायला हवं होतं ते मला दाखवतो. असा. आणि मी गेलो असा. अंगात जी एक गोष्ट त्याला देवानं दिली होती, तीच त्या दिवशी आपल्याला जमली नाही, असं तो धरून बसलाय. पाय गेले त्याचं तो फार बोलत नाही. याचंच बोलतो.

एका रविवारी मी ठरवून गेलो. घरून निघताना वाक्य तयार केलं होतं. हर्सूलच्या तलावापाशी गाडी थांबवून ते एकदा मोठ्यानं म्हणूनही बघितलं. त्याच्या खोलीत शिरलो, तर तो चांगल्या तब्येतीत होता, रेडिओ उघडून बसलेला. मी म्हटलं, तुझ्याशी बोलायचंय. तो म्हणाला बोल की, आणि मी तोंड उघडायच्या आत आपणच सुरू झाला. कुठल्याशा कारखान्यात हात गमावलेल्या एका माणसाचं सांगत होता, जो त्याच्याकडं मिक्सर घेऊन आला होता. ज्यानं चुकून मशिन चालू केली, त्याला तो माणूस अजून शिव्या देतो म्हणे. सकाळ-संध्याकाळ.

“म्या म्हणलं, माझं बरंय बाबा,” दोस्त म्हणाला. “चूक माझीच व्हती. दुसऱ्या कुणाची असती तर म्या बी असाच सडलो असतो. स्वतःला माणूस किती शिव्या देईल? थकतंच की.”

मी हातातला चहा संपवला. तो म्हणाला, तू काय सांगणार होतास? मी म्हटलं, काही नाही, गाडीचा क्लच गेलाय. तो हसून म्हणाला, क्लच सांगायला एवढं तोंड पाडून येतात का.

पुढं कितीतरी महिने मी त्याचं ते बोलणं ढालीसारखं धरून बसलो. त्याला असंच बरं आहे, तोच म्हणाला. आपण सांगितलं तर ते आपलं ओझं उतरवायला, त्याचं काय भलं होणार, उलट त्याचा एकुलता दोस्त जाईल. हे सगळं मी स्वतःला पटवलं होतं. पूर्ण खोटंही नाही ते. म्हणूनच पटलं.

मग या मार्चमध्ये असाच एक रविवार. मी निघालो तर वहिनी डब्याची पिशवी घेऊन माझ्याबरोबर बाहेर पडल्या. त्यांना कोपऱ्यावर डबा द्यायचा होता. त्या कधी फार बोलत नाहीत. भर दुपार होती, गल्लीत कुणी नव्हतं. चालता चालता त्या म्हणाल्या की तुमच्यापुढं ते हसतात, तुम्ही गेलात की मोबाईल घेऊन बसतात. हल्ली जेवताना बी मधीच घास ठेवतात आणि खांदा हलवून बघतात. बसल्या बसल्या. मी म्हणते, झालं गेलं, आता काय त्याचं. तर म्हणतात, तुला नाय कळायचं, जे सगळ्यात चांगलं यायचं तेच चुकलं.

कोपऱ्यावर त्या थांबल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“भावजी, मी तिथं व्हते. मला त्यातलं काय कळत नाय. पण दुपारी पडले तसेच संध्याकाळी पडले, असं मला दिसलं. तुम्ही जवळ व्हता. खरंच त्यांचं चुकलं व्हतं का?”

विचारण्यात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. त्या फक्त विचारत होत्या, जसं जाणत्या माणसाला विचारतात. त्या भिंतीपाशी बसून, या कामातलं काही न कळता, त्यांनी जे होतं तेच बघितलं होतं. आणि माझ्या एका शब्दापायी इतकी वर्षं त्या स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नव्हत्या.

मी म्हणालो, “वहिनी, असल्या कामात कुणाचं चुकलं हे सांगता येत नाही.”

त्यांनी मान हलवली. “व्हय, तसंच असंल,” म्हणाल्या आणि डबा द्यायला पलीकडं गेल्या. मी गाडीत बसलो. किल्ली लावली. मागून पाण्याचा टँकर हॉर्न देत होता तरी मला गाडी पुढं घेता येईना. रोज लोकांना हेच शिकवतो, क्लच सोड, घाबरू नको.

त्यानंतरही मी रविवारी जातो. न जाऊन कसं चालेल, तो वाट बघतो. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही. मला कुणी अडवलेलं नाही. तो समोर असतो, वहिनी आत असतात, वाक्य माझ्या तोंडात असतं. तरी होत नाही. मी मनोऱ्यावर, गाडीच्या बॉनेटवर, जळत्या गंजीवर उभा राहिलेला माणूस आहे. भीती कुठं लागते ते मला ठाऊक आहे. पण त्या खोलीत बसल्यावर माझं काहीच चालत नाही.

इथं लिहून टाकलं, हे मी सांगितल्यात धरत नाही. त्यांच्या घरी असलं काही वाचायला येत नाही, आणि ते माहीत होतं म्हणूनच मला लिहिता आलं. परक्यांपुढं कबूल होणं सोपं आहे. कोपऱ्यावर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी वहिनींना अजून दिलेलं नाही. ते उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याचं काही चुकलं नव्हतं, चुकलं माझं होतं. हे मला त्यांना आणि त्याला, दोघांना समोर बसवून सांगायचं आहे. तेवढं माझ्याकडून देणं राहिलं आहे.